३.८ सेंमीची गाठ, आणि पूर्ण किडनी काढायचा सल्ला

तुमचे बाबा ६२ वर्षांचे, मधुमेह, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.३, डाव्या किडनीत ३.८ सेंमीची गाठ. डॉक्टर पूर्ण किडनी काढायचं म्हणतात आणि घरचे विचारतात की आधी केमो देऊन बघता येईल का.

केमोचा विचार सोडा. किडनीच्या नेहमीच्या कॅन्सरवर ती जवळजवळ चालतच नाही. तुमचा खरा प्रश्न आहे, किती काढायचं?

४ सेंमीपर्यंतची, किडनीबाहेर न गेलेली गाठ शक्यतो पार्शियल नेफ्रेक्टॉमीनेच काढतात. म्हणजे गाठ आणि तिच्याभोवतीची निरोगी कड तेवढी जाते, बाकी किडनी राहते. मधुमेही माणसाला ती पुढे लागणारच. म्हणून सर्जनला सरळ विचारा, "पार्शियल का नको?" गाठ मुख्य रक्तवाहिन्यांना चिकटून खोलवर असेल, तर पूर्ण काढणं योग्यच. पण "आमच्याकडे पार्शियल होत नाही" एवढंच कारण असेल, तर दुसरा सर्जन गाठा. पार्शियलमध्ये किडनीची धमनी क्लॅम्प (चिमटा) लावून बंद करतात, गाठ कापतात, जखम शिवतात आणि क्लॅम्प काढतात. हे साधारण २५-३० मिनिटांत उरकावं लागतं, नाहीतर उरलेल्या किडनीलाच इजा होते. त्यामुळे रोबोट आहे का, यापेक्षा सर्जन अशी ऑपरेशनं नेहमी करतो का, हे महत्त्वाचं.

दुसऱ्या मतासाठी नागपुरात तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याचं एनसीआय (नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट) किंवा मिहानचं एम्स आहे. जाताना सीटीची सीडी न्या. नुसत्या रिपोर्टवरून सर्जनला गाठीची खोली कळत नाही. कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून औषध सोडून केलेला) परत करायची वेळ आली, तर क्रिएटिनिन आणि मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीबद्दल आधीच सांगा. छातीचा सीटी राहिला असेल तर तोही करून घ्या.

बायोप्सीच्या, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढायच्या, सुईने कॅन्सर पसरल्याची उदाहरणं अगदी विरळ आहेत. ऑपरेशन ठरलंच असेल तर ती बहुतेक वेळा लागत नाही. गाठ जाळायची किंवा तिच्यावर नुसतं लक्ष ठेवायचं असेल, तेव्हा कामी येते. जाळण्याचा उपाय साधारण ३ सेंमीपर्यंत चांगला चालतो, तुमची गाठ त्याहून मोठी आहे. इम्युनोथेरपी आणि पॅझोपॅनिबसारख्या गोळ्या मुख्यतः पसरलेल्या आजारासाठी असतात.

ऑपरेशननंतर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या मनाने देऊ नका. घरी आल्यावर आठ-पंधरा दिवसांनी अचानक लालभडक लघवी झाली किंवा चक्कर आली, तर सकाळची वाट बघू नका. आतली शिवलेली रक्तवाहिनी फुटलेली असू शकते. जिथे ती नळीवाटे बंद करायची सोय रात्रीही असते, अशा मोठ्या रुग्णालयात थेट न्या. ते कुठलं, हे डिस्चार्जच्या दिवशीच सर्जनकडून लिहून घ्या.