ऑप्टिकल केबल लावूनही होम थिएटर रिसीव्हरचे मागचे स्पीकर वाजत नाहीत. केबल बदलू का?

तुम्ही लिहिलंय की कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरून ऑप्टिकल केबल रिसीव्हरला दिली आहे, पुढचे दोन स्पीकर आणि वूफर वाजतात, पण मधला आणि मागचे दोन गप्प आहेत. विंडोजमध्ये 'कॉन्फिगर'चं बटणही दाबता येत नाही.

केबल बदलू नका, ती चांगली आहे. मी सांगलीत विश्रामबागला राहतो. अगदी हेच झालं तेव्हा एका दुकानदाराचं ऐकून महागडी केबल आणली होती. ती लावली, तरी मागचे स्पीकर तसेच मुके.

ऑप्टिकलमधून कच्चा, म्हणजे पीसीएम, आवाज फक्त २ चॅनेलचा जातो. ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर यांचा वेगवेगळा आवाज पाठवायचा तर तो डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस या प्रकारात दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवावा लागतो. विंडोज स्वतःहून कच्चाच आवाज देतं, म्हणून ते बटण बंद दिसतं. वूफर वाजतोय म्हणून ५.१ चालू आहे असं समजू नका. पुढच्या दोन चॅनेलमधला खर्ज रिसीव्हरच काढून वूफरला देतो.

खरा उपाय एचडीएमआय. त्यातून कच्चा आवाज ८ चॅनेलपर्यंत जातो. ग्राफिक्स कार्डातून केबल रिसीव्हरच्या एचडीएमआय 'इन'मध्ये द्या आणि रिसीव्हरच्या 'आउट'मधून मॉनिटरला. आधी रिसीव्हर चालू करा, मग कॉम्प्युटर. कंट्रोल पॅनेलमधलं 'साउंड' उघडून 'प्लेबॅक'मध्ये रिसीव्हरचं नाव शोधा, ते डिफॉल्ट करा, 'कॉन्फिगर' दाबून ५.१ निवडा. तिथल्या चित्रातल्या एकेका स्पीकरवर क्लिक केलं की त्याच स्पीकरमधून सूर यायला हवा. डाव्याचा उजवीकडे आला तर मागच्या वायरी उलट लागल्यात. आवाज टीव्हीतूनच येत असेल, तर रिसीव्हरच्या मेनूत एचडीएमआयचा आवाज 'टीव्ही'ऐवजी 'ॲम्प'वर करा.

मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल आणि रिसीव्हर जुना, तर तेवढ्या वेगाचं चित्र त्यातून जाणार नाही; मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर ठेवा आणि एचडीएमआय वेगळी रिसीव्हरला द्या. विंडोजला रिसीव्हर दुसरा स्क्रीन वाटेल, वाटू द्या.

ऑप्टिकलवरच राहायचं असेल तर सिनेमांपुरतं जमतं: व्हीएलसीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये पासथ्रू चालू करा, म्हणजे फाइलमधला डॉल्बी किंवा डीटीएस आवाज न उलगडता रिसीव्हरकडे जातो. गेमना मात्र डॉल्बी डिजिटल लाइव्ह, म्हणजे चालू आवाज तिथल्या तिथे डॉल्बीत दाबण्याची सोय, असलेलं साउंड कार्ड लागेल.

आणि यूट्यूबवर पारख करू नका, तिथलं बहुतेक सगळं स्टिरिओच असतं. ५.१ ची डीव्हीडी किंवा फाइल लावा आणि रिसीव्हरच्या डिस्प्लेकडे बघा. माझ्याकडे इतके दिवस कोपऱ्यात फक्त एल आणि आर ही दोन अक्षरं पेटायची. एचडीएमआय दिल्यावर त्यांच्यामध्ये सी (मधला) आला, खाली एसएल, एसआर (मागचे दोन) आणि एलएफई (वूफरचा चॅनेल). उठून मागच्या स्पीकरला कान लावला, तर पावसाची सर तिथून येत होती.

एवढं झालं की मधल्या स्पीकरचा आवाज दोन-तीन डेसिबलने वाढवून बघा. संवाद बहुतांश तिथूनच येतात, आणि आम्हा नाट्यपंढरीतल्या लोकांना शब्द हरवलेला चालत नाही.

तुमच्या रिसीव्हरचं मॉडेल कळवा. सुरुवातीच्या काही रिसीव्हरमधलं एचडीएमआय चित्र फक्त पुढे ढकलतं, आवाज उचलत नाही. तुमचा तसा आहे का ते पाहून सांगतो.