वाचकांचे प्रश्न : एका चित्रपटाचे दोन शेवट

प्रश्न : गायिका-अभिनेत्री डीॲना डर्बिनचा ‘नाइस गर्ल?’ हा १९४१ सालचा चित्रपट अलीकडेच पाहिला. माझ्या प्रतीत नायिका अखेरीस इंग्लंडचे गुणगान गाते. माझ्या थोरल्या भावाला मात्र त्या जागी अमेरिकेचे आभार मानणारे गाणे पक्के आठवते. खरा शेवट कोणता? आणि कोवळ्या वयातल्या प्रेमाच्या या गमतीत लष्करी छावणी आलीच कशी?

उत्तर : आपले आणि आपल्या बंधूंचे, दोघांचेही बरोबर आहे, शेवटच दोन होते. युनिव्हर्सलने हा चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित केला तेव्हा ब्रिटन सुमारे दीड वर्ष युद्धात होते, अमेरिका मात्र अजून त्यात उतरलेली नव्हती. त्यामुळे घरच्या प्रेक्षकांसाठी ‘थँक यू, अमेरिका’ आणि ब्रिटिश प्रेक्षकांसाठी, तेथे १९३९पासून सर्वतोमुखी झालेले ‘देअरल ऑल्वेज बी ॲन इंग्लंड’, अशी वेगवेगळी अखेर जोडण्यात आली. आपली प्रत ब्रिटनसाठीची आहे.

छावणीचे कारण सप्टेंबर १९४०मध्ये सापडते. त्या महिन्यात अमेरिकेने, शांततेच्या काळात प्रथमच, सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा केला आणि २१ ते ३५ वर्षांच्या पुरुषांना नावनोंदणी करावी लागली. नायिका जेनचा, सतत मोटारीच्या यंत्रात डोके खुपसून बसणारा मित्र डॉन अखेरीस गणवेशात दिसतो, तेव्हा प्रेक्षागृहातल्या कित्येकांना आपल्या घरातला मुलगा आठवला असेल. (डॉनची भूमिका करणाऱ्या रॉबर्ट स्टॅकनेच १९३९च्या ‘फर्स्ट लव्ह’मध्ये डर्बिनचे पडद्यावरचे पहिले चुंबन घेतले होते, आणि त्याचा तेव्हा बराच गाजावाजा झाला होता.)

तरीही हे सारे वरून लावलेले ठिगळ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दिग्दर्शक विल्यम सायटर यांचा जीव रमला आहे तो शीर्षकातल्या प्रश्नचिन्हात. ‘सालस मुलगी’ हे बिरुद ऐकून ऐकून कंटाळलेली जेन वडिलांकडे पाहुणा आलेल्या, वयाने बऱ्याच मोठ्या शास्त्रज्ञावर भाळते, डॉनच्याच मोटारीतून त्याला न्यूयॉर्कला पोहोचवते आणि तेथे रेशमी पायजमा घालून अनुभवी स्त्रीचा आव आणू पाहते. तिला जे बोलायचे असते ते पाठ असते. पण डर्बिनने एकेका वाक्यागणिक त्या आवाचे जे पाणी पाणी केले आहे, ते पाहण्यासारखे आहे. अखेर धीर सुटून ती निघते ती त्याच पायजम्यात, आणि गावाला चघळायला विषय मिळतो. छावणीतल्या गाण्यात तिचा आवाज सुरेलच लागला आहे, पण ते गाणे जेनचे वाटत नाही. एव्हाना ती डॉनची समजूत काढून मोकळी झालेली असते आणि गाण्यापुरती डर्बिनच उरते.