अर्ज मंजूर, मग शिष्यवृत्ती गेली कुठे?

"मॅडम, पोरीची शिष्यवृत्ती मंजूर दिसतेय, पण खात्यात एक रुपया नाही. कॉलेज फीसाठी मागे लागलंय." इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीचे वडील पासबुक उघडून बसले होते. अनुसूचित जातीसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, उत्पन्न अडीच लाखांच्या आत, महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती-योजनांच्या संकेतस्थळावर, अर्ज वेळेत भरलेला. कागदांत काहीच खोट नव्हती.

२०२१ पासून या शिष्यवृत्तीतला केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, तोही राज्याने आपला ४० टक्के हिस्सा दिल्यानंतर. त्यामुळे मंजुरी आणि पैसे यांत महिने जातात. पण इथे अडचण वेगळी होती. हे पैसे पासबुकातल्या खाते क्रमांकावर येत नाहीत, आधार क्रमांकावर येतात. केवायसीसाठी आधार चार बँकांत दिलेलं असू शकतं; सरकारी पैसे मात्र एकाच बँकेत जातात, जिचं नाव एनपीसीआयच्या (बँकांमधले पैशांचे व्यवहार जोडणारी संस्था) नोंदीत तुमच्या आधारपुढे सगळ्यात शेवटी चढलंय. या नोंदीलाच 'आधार सीडिंग' म्हणतात. "आधार लिंक आहे" हे बँकेतलं उत्तर म्हणूनच पुरेसं नसतं.

मुलीने आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून 'बँक सीडिंग स्टेटस' उघडलं. बँकेचं नाव भलतंच निघालं. शाळेत असताना काढलेलं खातं! त्या खात्याला मोबाईल नंबर जुना, म्हणून बँकेचा एसएमएस आला नव्हता. पैसे तिथेच पडून होते.

अशा वेळी नवा अर्ज भरू नये. जुन्या बँकेत आधी केवायसी आणि मोबाईल नंबर बदलून पैसे काढावेत. मग रोजच्या वापरातल्या बँकेत डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंगचा फॉर्म द्यावा आणि काही दिवसांनी स्टेटस पुन्हा बघावं. तिथे खाते क्रमांक दिसत नाही, फक्त बँकेचं नाव आणि 'ॲक्टिव्ह' की 'इनॲक्टिव्ह' एवढंच. 'इनॲक्टिव्ह' असेल तर रक्कम येतच नाही. मग स्टेटसचा स्क्रीनशॉट आणि अर्ज क्रमांक कॉलेजच्या शिष्यवृत्ती लिपिकाकडे द्यावा, महाडीबीटीवर तक्रारही नोंदवावी.

वडिलांनी विचारलं, "यातून पेरणीचं थोडं भागवलं तर?" नाही दादा. त्यात निर्वाहभत्ता आहे तसा फीचाही वाटा आहे, आणि तो खात्यात आल्यापासून सात दिवसांत कॉलेजला भरायचा असतो. भरला की पावती घ्या. कॉलेजने तगादा लावला तर मंजुरीचं पान जोडून प्राचार्यांना मुदतीचा अर्ज द्या, आणि त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यायला विसरू नका.