‘पैसा आला आणि माणूस बदलला’ असे लोक नेमके कोणाला म्हणतात?

आपण विचारले आहे की पैसा माणसाला खरोखर बिघडवतो, की ज्यांच्याकडे तो नसतो ते लोक असूयेने तसे बोलतात. पुण्यात नोकरी लागून पगार वाढल्यापासून गावी गेले की ‘पैसा आला अन् पोरगं बदललं’ हे ऐकावे लागते, असेही आपण लिहिले आहे. माझे वडील परभणीच्या मोंढ्यात एका आडतीवर दिवाणजी होते आणि मी स्वतः ३४ वर्षे एका बँकेत काढली, त्यांपैकी बहुतेक जालना आणि परभणी जिल्ह्यांतल्या लहान शाखांत. दुसऱ्याचा पैसा मोजणे हाच आमच्या घरात दोन पिढ्यांचा व्यवसाय होता, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

समृद्धी महामार्ग हा ७०१ किलोमीटरचा रस्ता मराठवाड्यात जालना आणि आताच्या छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांतून जातो. त्याच्यासाठी २०१७ पासून थेट खरेदीने जमिनी घेतल्या जाऊ लागल्या, तेव्हा मी त्या पट्ट्यातल्या एका शाखेत होते. ज्या खात्यांत वर्षभरात पीकविमा आणि सोयाबीनची पट्टी याखेरीज काही जमा होत नसे, त्यांत एका दिवसात लाखांनी, क्वचित कोटींनी रकमा आल्या. गाड्या आल्या, बंगले उभे राहिले, काहींनी पलीकडच्या तालुक्यात दुप्पट जमीन घेतली, काहींचे पैसे दोन वर्षांत संपले. हे सगळे वर्तमानपत्रांतून येऊन गेले आहे. माझ्या मनात मात्र त्या काळातला एक वेगळाच प्रसंग घर करून राहिला आहे.

एका घरात वडिलांच्या पश्चात सातबारावर दोन भाऊ आणि एका बहिणीचे नाव लागलेले होते. खरेदीखतावर तिघांच्याही सह्या लागणार होत्या आणि बहिणीने हक्कसोडपत्र करून द्यायला नकार दिला होता. तिचे खाते उघडायला तिघेही शाखेत आले. भाऊ माझ्या टेबलासमोर बसले आणि बहीण पाण्याच्या पिंपाजवळच्या बाकावर, आधार कार्ड आणि दोन फोटो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मांडीवर धरून बसली होती. धाकटा भाऊ तिला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाला, “मॅडम, पैसा लई वंगाळ बगा. सख्खी बहीन बिघडली पैशापायी.” फॉर्मवर सही करायला ती टेबलाशी आली, तेव्हा खाली पाहतच म्हणाली, “जमीन होती तव्हा मला कोनी काही इचारलं नाही, बाई. आता सही पाहिजे म्हनून गाडी धाडली.”

हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिलेला आहे, म्हणजे ती जे मागत होती ते तिचेच होते. लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत त्या शेतातल्या तुरीचा किंवा कापसाचा एक रुपयाही तिच्या हातावर कोणी ठेवला नव्हता, आणि तेव्हा ‘पैशाने भाऊ बिघडले’ असे गावात एकाही माणसाने म्हटले नव्हते. जमीन जमीन होती तोवर तिचा वाटा दिसत नव्हता. मोबदल्याने त्या वाट्यावर आकडा लिहिला आणि तो सगळ्यांना दिसला, एवढेच घडले. तेव्हापासून ‘पैशाने बिघडला’ हे वाक्य कानावर पडले की मी आधी दोन गोष्टी पाहते: बोलणारा कोण आहे, आणि ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे त्याने नेमके काय मागितले. आपले हक्काचे मागणाऱ्याला हे दूषण फार लवकर लागते, आणि दुसऱ्याचे गुपचूप खाणाऱ्याला बहुधा लागतच नाही.

याचा अर्थ पैसा निर्दोष आहे असा नाही. माझ्या लहानपणी आजोळी इर्जिक घातली जाई. एखाद्याची पेरणी मागे पडली की भावकीतले आणि शेजारचे लोक आपापली बैलजोडी घेऊन यायचे, दिवसभरात रान उरकायचे आणि संध्याकाळी त्याच्याकडे जेवायचे. आता ट्रॅक्टर येतो, एकराचा दर ठरलेला असतो, काम तासाभरात होते आणि कोणी कोणाचे मिंधे राहत नाही. इस्राएलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांत झालेला एक प्रयोग मला या संदर्भात नेहमी आठवतो. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांनी तो २००० मध्ये प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दंड लावला, तेव्हा उशिरा येणारे कमी न होता जवळजवळ दुप्पट झाले, आणि दंड काढून टाकल्यावरही ते प्रमाण खाली आले नाही. बाई आपल्यासाठी ताटकळत थांबल्या आहेत याची जी भीड वाटत होती, तिची किंमत ठरली आणि ती चुकती करता येऊ लागली. पैसा असाही काम करतो. माणसे जशीच्या तशी राहतात, त्यांच्यामधली भीड मात्र निघून जाते आणि मग ती परत आणता येत नाही.

तरीही इर्जिकीच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी, त्यात मीही आले, एक गोष्ट विसरू नये. त्याच गावात काही घरे अशी होती की ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या मेलेली जनावरे ओढायला, सांगावा घेऊन पळायला, सरपण फोडायला लावले गेले आणि त्याबद्दल शिळी भाकरी नाहीतर खळ्यावरचे चार पायल्या धान्य दिले गेले. त्यांच्या दृष्टीने रोख मजुरी ही सुटका होती. नाणे हातात पडले की घेणाऱ्याला वाकावे लागत नाही, आणि दुकानात त्या नाण्याला कोणी जात विचारत नाही. वतनाची, म्हणजे वंशपरंपरेने अंगावर आलेली ही गावकीची कामे सोडा, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना पुन्हा पुन्हा का सांगितले, ते यावरून कळते. पैशाने गावातला जिव्हाळा संपवला हे खरेच आहे, पण त्या जिव्हाळ्याच्या पंगतीत कोण बसत होते आणि उष्टी कोण काढत होते, हेही त्याच दमात सांगायला हवे.

आपण असूयेचे विचारले आहे. असूया असते, नाही असे नाही, पण तिच्यापेक्षा टंचाईने माणसाचे जे होते ते मला कितीतरी गंभीर वाटते. बीडकडचे ऊसतोड मजूर हंगामाच्या आधी मुकादमाकडून उचल घेतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल दोघांच्या मजुरीतून फिटते, आणि फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढते. त्यांच्याविषयी ‘आधीच पैसे घेऊन खाऊन बसतात, पुढचा विचार नाही’ असे सुशिक्षित लोक सहज बोलून जातात. तामिळनाडूतल्या ५४ गावांमधल्या ४६४ ऊसउत्पादक शेतकऱ्यांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सेंधिल मुलैनाथन आणि एल्डार शाफिर हे तो करणाऱ्यांपैकी होते. एकाच शेतकऱ्याला ऊस जाण्यापूर्वीच्या तंगीत आणि उसाचे पैसे आल्यानंतर अशा दोन वेळा बुद्धीच्या सारख्याच चाचण्या दिल्या, तेव्हा तंगीच्या दिवसांत तोच माणूस स्पष्टपणे कमी पडला. माझ्या खिडकीवर हे मी दर वर्षी पाहत होते. पोळ्याच्या सुमारास जो माणूस साधी स्लिप तीनदा चुकवायचा आणि माझ्यावरच चिडायचा, तोच कापसाचे पैसे आल्यावर शांतपणे उभा राहून मागच्या म्हातारीची स्लिपही भरून द्यायचा. तेव्हा पैशाने बिघडण्याचे मोजमाप करायचेच असेल, तर पैशावाचून बिघडण्याचेही त्याच तराजूत घालावे.

मोठी रक्कम दिसली की माणसाची नियत फिरते, हा समजही मला तपासून घ्यावासा वाटतो. ४० देशांतल्या ३५५ शहरांमध्ये १७,३०३ पाकिटे ‘सापडली’ म्हणून बँका, हॉटेले, पोलीस ठाणी अशा ठिकाणच्या कर्मचाऱ्यांच्या हाती देऊन पाहिल्याचा एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पैसे नसलेल्या पाकिटांपैकी सुमारे ४० टक्के पाकिटांच्या मालकांशी संपर्क साधला गेला, थोडे पैसे असलेल्यांच्या बाबतीत ५१ टक्के. आणि ज्या तीन देशांत आणखी मोठी रक्कम ठेवून पाहिली, तिथे हे प्रमाण ७२ टक्क्यांवर गेले. मला याचे नवल वाटले नाही. रोखपाल असताना माझ्या हातून जास्तीची रक्कम गेल्याचे प्रसंग घडले आणि बहुतेक वेळा ती परत आली. आणून देणारे जवळजवळ एकच वाक्य बोलायचे: “तुमच्या पगारातून कापतील ना, मॅडम.” नुकसान कोणाचे होणार, त्याचा चेहरा त्यांना माहीत होता.

आता जिथे पैशाने खरोखर बिघाड केला ते सांगते, आणि ते माझ्याच बाबतीतले आहे. वडील रोज दिवेलागणीनंतर लाल कापडी बांधणीचा रोजमेळ उघडून बसत. शिल्लक जुळली नाही तर चार आण्यांसाठीसुद्धा ते मध्यरात्रीपर्यंत आडतीवरून घरी येत नसत. आईने कधी बोल लावला तर पैठणच्या नाथांची गोष्ट सांगत. दौलताबादच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींचे हिशोब लिहिताना एका पैची चूक सापडेना म्हणून एकनाथ रात्रभर जागले आणि ती सापडताच आनंदाने टाळी वाजवून उठले, अशी ती गोष्ट आहे. चूक आपल्या बाजूची असो की गिऱ्हाईकाच्या, ती सापडेपर्यंत झोपायचे नाही, एवढाच तिचा अर्थ वडील आम्हाला सांगत.

त्या माणसाची मुलगी असून निवृत्तीनंतर मिळालेल्या रकमेतला मोठा भाग मी एका पतसंस्थेत ठेवला, कारण तिथे बँकेपेक्षा बरेच जास्त व्याज मिळत होते. एवढे व्याज द्यायला संस्था ते पैसे कोणाला आणि कोणत्या दराने कर्जाऊ देते, हा प्रश्न शाखेत असते तर मी पहिल्या मिनिटाला विचारला असता. बँकेतल्या ठरावीक रकमेपर्यंतच्या ठेवीला विमा असतो आणि पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो, हे तर मी लोकांना वर्षानुवर्षे सांगत आले होते. पण दर महिन्याला व्याज खात्यावर पडत होते आणि मला ते प्रश्न विचारायचेच नव्हते. इतकेच नव्हे, तर शेजारच्या वहिनींनी सल्ला मागितला तेव्हा “मी ठेवले आहेत, तुम्हीही ठेवा” असे मी म्हणाले. संस्था बुडाली. माझे गेले त्याचे दुःख आता निवले आहे. वहिनींचे त्यांच्या मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे गेले, त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, आणि त्यांच्या दारावरून जाताना आजही माझे पाऊल अडते. पैसा मला बिघडवू शकतो असे मला कधीही वाटले नव्हते, कारण मी कोणाचे लुबाडत नव्हते, उधळत नव्हते, कोणाला हिणवत नव्हते. त्याने फक्त माझा प्रश्न विचारण्याचा स्वभाव काढून घेतला, तोही अशा गोडीने की मला कळले नाही.

म्हणून आपल्याला माझे सांगणे असे आहे. ‘पोरगं बदललं’ असे म्हणणाऱ्यांपैकी ज्यांना आपल्याकडून हातउसने हवे आहेत त्यांचे बोलणे फार मनाला लावून घेऊ नये. जवळच्या माणसांनी म्हटले, तर मात्र रागावण्याआधी ते कशाविषयी बोलत आहेत हे नीट पाहावे. पूर्वी ज्या गोष्टीसाठी आपण स्वतः येत होतात, तिच्यासाठी आता पैसे पाठवता का? पगार कुठून येतो, कशावर जातो, हे पूर्वी घरात उघडपणे बोलत होतात आणि आता टाळता का? असे काही घडत असेल तर त्यांचे म्हणणे चुकीचे नाही, आणि ते दुरुस्त करणे अजून आपल्या हातात आहे.

माझ्या शेवटच्या शाखेत एक आजोबा दर महिन्याच्या सात-आठ तारखेला पासबुक भरून घ्यायला येत. मुलगा पुण्याला होता. पैसे जमा झाल्याचा मेसेज त्यांच्या मोबाईलवर येत असे आणि रक्कम त्यांना माहीत असे. नोंद छापून झाली की ते पासबुक पुन्हा माझ्यापुढे सरकवत आणि म्हणत, “कोनी धाडले ते वाचा, मॅडम.” मी मुलाचे पूर्ण नाव वाचत असे. ते मान हलवत, पासबुक बंडीच्या आतल्या खिशात ठेवत आणि जात. पैसे काढायला ते कधीतरीच थांबत.