जिओकॅशिंगसाठी, म्हणजे इतरांनी लपवलेले डबे जीपीएसच्या मदतीने शोधण्याच्या खेळासाठी, वेगळे जीपीएस यंत्र घ्यावे का, आणि सापडलेल्या डब्यातली वस्तू घरी नेता येते का?

वेगळ्या यंत्राची सुरुवातीला मुळीच गरज नाही. मोबाइल आणि जिओकॅशिंगचे ॲप पुरेसे आहे. अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमध्ये हा खेळ सुरू झाला. तरीही उघड्या आकाशाखाली मोबाइल काही मीटरांनी चुकतोच, आणि आपल्या बडोद्याच्या कमाटीबागेतल्यासारख्या दाट झाडीत त्याचा दिशा दाखवणारा बाण भिरभिरू लागतो; म्हणून शेवटच्या दहा-पंधरा पावलांत मोबाइल खिशात ठेवून बाकाची खालची बाजू, कठड्याची फट, झाडाची ढोली अशा जागा निरखाव्यात, कारण खरी गंमत तिथेच आहे. डबा पुरून ठेवण्यास नियमाने मनाई असल्याने खणण्याचे कारण नाही. बाण विश्वामित्रीच्या पात्राकडे वळला, तर मात्र खाली उतरू नये. तिथल्या मगरींना आपल्या छंदाशी काही कर्तव्य नाही.

डबा सापडल्यावर आतल्या नोंदवहीत सही करून तारीख लिहावी. बोटाएवढ्या डबीत पेन मावत नाही, तेव्हा ते स्वतःचे न्यावे. कागदाची घट्ट गुंडाळी ओढायला चिमटाही उपयोगी पडतो. वस्तू नेता येते, पण तितक्याच किंवा अधिक मोलाची दुसरी ठेवावी. खाऊ मात्र ठेवू नये, त्याला मुंग्या लागतात. क्रमांक कोरलेले बिल्ले पुढच्या डब्यात पोहोचवायचे असतात, घरी ठेवायचे नसतात.

प्रत्येक डब्याला काठिण्य (शोधणे किती अवघड) आणि भूभाग (तिथे पोहोचणे किती अवघड) यांसाठी १ ते ५ पैकी गुण दिलेले असतात; पहिला शोध दोन्हींत दीडच्या वर नसलेला निवडावा.