‘गिअरबॉक्सच गेला’ म्हणतात तेव्हा नक्की काय गेलेलं असतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दहा वर्षांची ऑटोमॅटिक सेडान, मीटर ९५,००० किलोमीटरवर. ६०-७० च्या वेगाला पाय हलका ठेवला की गाडी थरथरते, सकाळी ‘डी’मध्ये टाकताना धक्का बसतो, आणि वर्कशॉपवाले म्हणतात गिअरबॉक्सच बदला. बाकीच्या मालकांचा अनुभव काय, आणि गाडी विकून मोकळं व्हावं का?

विकू नका, इतक्यात तरी नको. हे ठामपणे सांगतोय, कारण सहा वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी जवळपास याच शब्दांत दहा जणांना विचारत फिरलो होतो.

माझी गाडी तशीच, सहा गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली. ७०,००० ला दुसऱ्या हाताने घेतली आणि ८८,००० च्या आसपास ती थरथर सुरू झाली. रस्त्यावर बारीक खडी पसरलीय आणि आपण तिच्यावरून चाललोय असं वाटायचं. दोन सेकंद, मग गायब. पाय जोरात दाबला तर नाही, पूर्ण सोडला तरी नाही. फक्त सपाट रस्त्यावर, निवांत चालवताना. मी आधी टायरना दोष दिला. बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केली, पुढचे टायर मागे घातले. मग कुणीतरी म्हणालं इंजिन मिसिंग करतंय, म्हणून स्पार्क प्लग बदलले. ते तसेही बदलायला झालेच होते, पण थरथर जागच्या जागी. शेवटी वर्कशॉपने सांगितलं, पूर्ण युनिट बदलावं लागेल. आत नक्की काय बिघडलंय, असं विचारलं तर उत्तर मिळालं, ‘आम्ही उघडत नाही, बदलतो.’

या एका वाक्यामुळे मी तिथून उठलो. जो उघडतच नाही, त्याला आतलं काय कळलं असणार?

मग एका वयस्कर मेकॅनिकला शेजारी बसवून चक्कर मारली. थरथर सुरू झाली तशी ते म्हणाले, अॅक्सिलरेटर आहे तिथेच ठेवा आणि डाव्या पायाने ब्रेकला फक्त स्पर्श करा, दाबू नका. केलं. थरथर तिथल्या तिथे थांबली. ब्रेक सोडल्यावर दोन सेकंदांनी परत आली. ‘इंजिन नाही, टायर नाहीत, लॉकअप आहे,’ एवढंच बोलले आणि गाडी वळवायला सांगितली. ही चाचणी तुम्हीही करा, पण रस्ता रिकामा हवा आणि मागे कुणी नको. ऑटोमॅटिक चालवणाऱ्याच्या डाव्या पायाला हलक्या ब्रेकची सवय नसते, तो क्लच समजून खच्चून दाबतो.

होतं काय, तर टॉर्क कन्व्हर्टर इंजिनची ताकद ऑइलच्या माध्यमातून पुढे पोचवतो. त्यात थोडी घसरण अटळ असते आणि अॅव्हरेज पडतं. म्हणून एका ठरावीक वेगानंतर आतला एक छोटा क्लच लागून इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडले जातात. हा लॉकअप क्लच. ब्रेकच्या पेडलला स्पर्श झाला की कंट्रोल युनिट तो सोडून देतं, म्हणून वरची युक्ती चालते. हा क्लच सावकाश, किंचित घसरत लागावा यासाठी ऑइलमध्ये खास रसायनं घातलेली असतात. ती संपली की क्लच सरळ लागत नाही, धरतो-सोडतो, धरतो-सोडतो. तीच तुमची थरथर. म्हणजे बरेचदा गेलेलं असतं ते ऑइल, गिअरबॉक्स नव्हे.

आता मॅन्युअल उघडा. माझ्यात लिहिलं होतं की गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभराचं आहे, बदलायची गरज नाही. कुणाचं आयुष्य, ते लिहिलेलं नव्हतं. गंमत अशी की कितीतरी गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतः सांगते की वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी ऑइल बदला. त्यासाठी ती फिल्टर-पॅनसकट किटही विकते. गिअरबॉक्स बनवणारा एक सांगतो आणि गाडी विकणारा दुसरंच. मी बनवणाऱ्याचं ऐकतो.

आमचं ऑइल काढलं तेव्हा ते लालचं तपकिरी झालं होतं आणि जळका वास येत होता. पॅनमधल्या मॅग्नेटवर राखाडी, मऊ लेप होता. मेकॅनिकने तो दोन बोटांत चोळून दाखवला, कण लागत नव्हते. हे नॉर्मल झिजणं. बोटाला टोचणारे चकचकीत तुकडे असते तर गोष्ट वेगळी. एकूण ऑइल सात लिटर, पण खालचा बोल्ट काढून निघतं साडेतीनच, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांमध्ये अडकून राहतं. म्हणून एकदा बदललं, चारशे किलोमीटर चालवलं, परत बदललं, परत चालवलं, तिसऱ्यांदा बदललं. जुनं ऑइल आधी निम्मं, मग पाव, मग दोन आणे उरलं. मशीनने प्रेशर देऊन एकदम सगळं काढायचा पर्याय होता. वर्षानुवर्षं न हललेला गाळ त्या दाबाने व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइल हवं तिथे वळवणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांमध्ये जाऊन बसायची भीती असते, म्हणून तो टाळला. पहिल्या बदलानंतर थरथर निम्म्यावर आली, दुसऱ्यानंतर क्वचित, तिसऱ्यानंतर नाही.

इथे उत्तर संपवलं असतं तर मी हुशार ठरलो असतो. पण पुढच्याच वर्षी मेहुण्याच्या गाडीने माझी खोड मोडली. तीही फॅमिली सेडान, तीही थरथरत होती. मी छातीठोकपणे सांगितलं, अरे ऑइल बदल, होईल ठीक. त्याने बदललं. तीन आठवड्यांनी चढावर इंजिन नुसतंच रेस व्हायला लागलं, गाडी पुढे सरकेना. त्याचा गिअरबॉक्स सीव्हीटी होता. त्यात गिअर नसतातच. दोन शंकूच्या आकाराच्या पुली आणि त्यांच्यामध्ये शेकडो पातळ पोलादी चकत्या ओवलेला पट्टा. (कल्पना जुनीच, १९५८ साली नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने रबरी पट्ट्यावर चालणारी अशी गाडी लोकांसमोर आणली होती.) पट्टा जागेवर धरून ठेवतो तो फक्त ऑइलचा दाब. दाब कमी पडून पट्टा एकदा घसरला की पुलीच्या गुळगुळीत पृष्ठभागावर ओरखडे पडतात, आणि ते कुठल्याही ऑइलने भरून येत नाहीत. त्याची थरथर अगदी कमी वेगात, सिग्नलवरून निघताना यायची, आणि सोबत वेगाबरोबर चढत जाणारा रडका आवाज होता. हे दोन्ही मी त्याला विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण मला माझीच गाडी दिसत होती.

बाकीच्या मालकांचे अनुभव वाचताना नेमकं हेच होतं. जो तो आपल्या गाडीवरून सांगतो, आणि गाडीचं नाव सारखं असलं तरी आतला गिअरबॉक्स सारखा असेलच असं नाही. २००४ साली अमेरिकेत होंडाने सुमारे ११ लाख गाड्या परत बोलावल्या. ऑटोमॅटिकमधला दुसरा गिअर विशिष्ट परिस्थितीत इतका तापायचा की दात तुटून गिअरबॉक्स जाम होण्याचा धोका होता. त्या यादीत २००३-०४ ची अकॉर्ड होती, पण फक्त सहा सिलिंडरची. चार सिलिंडरची अकॉर्ड, तेच नाव, तेच वर्ष, त्या यादीत नव्हती. ‘अकॉर्डचा गिअरबॉक्स कसा आहे’ या प्रश्नाला दोघा मालकांनी अगदी उलट उत्तरं दिली असती आणि दोघंही खरं बोलत असते.

निसानच्या सीव्हीटीचंही असंच. तिथे कंपनीने २००३ ते २०१० च्या मॉडेलांवर सीव्हीटीची वॉरंटी १० वर्षं किंवा १,२०,००० मैलांपर्यंत वाढवली. पुढे २०१३ ते २०१६ च्या अल्टिमावर, म्हणजे त्यांच्या सरळसोट फॅमिली सेडानवर, कोर्टातल्या तडजोडीत ती सात वर्षं किंवा ८४,००० मैलांवर नेली. तक्रारी निव्वळ रडगाणं असत्या तर कुठलीही कंपनी स्वतःच्या खिशातून एवढं करत नाही. म्हणून मी तारांकित परीक्षणांपेक्षा वाढवलेल्या वॉरंट्या आणि परत बोलावलेल्या गाड्यांच्या याद्या आधी बघतो. तुमच्या गाडीचा चासी नंबर टाकून तशी नोंद आहे का, हे आज रात्रीच बघून घ्या.

आणि एक, ‘तुमच्या चालवण्यामुळे होतंय’ असं कुणी म्हणालं तर लगेच खाली मान घालू नका. ऑस्ट्रेलियात फोर्डने फोकस, फिएस्टा आणि इकोस्पोर्टच्या ड्युअल क्लच (एकाआड एक गिअरसाठी दोन वेगळे क्लच असलेल्या) गिअरबॉक्सबद्दल ग्राहकांना हेच ऐकवलं होतं, थरथरीचं खरं कारण माहीत असूनही. २०१८ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने कंपनीला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. तो दंड खराब गिअरबॉक्स बनवल्याचा नव्हता, तक्रार घेऊन आलेल्या लोकांना दिलेल्या वागणुकीचा होता.

तरी चालवण्याचा भाग अगदीच नसतो असंही नाही. कोरड्या, म्हणजे ऑइलमध्ये न बुडालेल्या क्लचचा ड्युअल क्लच असेल तर गर्दीत इंच इंच सरकत राहणं त्याला मारतं, कारण तेवढा वेळ क्लच अर्धवट लागून तापत असतो. पुढे एका गाडीपुरती जागा होऊ द्यावी आणि मग एकदम सरकावं. तुमची तशी नसेल तर हे सोडून द्या.

तुमच्या सकाळच्या धक्क्याकडे वळतो. हा आणि थरथर एकाच रोगाची लक्षणं असतील असं धरून चालू नका. थंड इंजिनचा आयडल (गाडी उभी असताना इंजिन फिरण्याचा वेग) जास्त असतो, त्यात ‘डी’ टाकलं की थोडा धक्का येणारच. इंजिनची रबरी माउंटिंग (इंजिनला आधार देणारे रबर) दबून खचली असतील तर तोच धक्का मोठा जाणवतो, आणि दहा वर्षांच्या गाडीत ती खचलेली असण्याची शक्यता भरपूर. बॉनेट उघडून एकाला ब्रेक दाबून ‘डी’ आणि ‘आर’ आलटून पालटून टाकायला सांगा आणि बाजूला उभं राहून इंजिन किती उसळतं ते बघा, गाडीसमोर मात्र उभं राहू नका. माझ्या गाडीचा अर्धा धक्का माउंटिंग बदलल्यावर गेला. गिअरबॉक्सला हातही लावावा लागला नाही.

मग स्कॅनर. साधा नाही, गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट वाचणारा. पी०७०० एवढाच कोड दाखवून कुणी ‘बघा, गिअरबॉक्स’ म्हणालं तर तो फक्त ‘आत काहीतरी तक्रार नोंदली आहे’ असं सांगतो. खरी तक्रार त्याच्या मागच्या कोडमध्ये असते. पी०७४१ असेल तर लॉकअप, म्हणजे माझीच वाट. पी०७३० असेल तर अपेक्षित गिअर रेशो मिळत नाही, म्हणजे कुठेतरी घसरतंय, आणि तिथे माझी कहाणी विसरा. बॅटरी मरायला टेकली असेल तर ती आधी बदला. व्होल्टेज पडलं की ही युनिटं वाट्टेल ते कोड टाकतात.

कोड काही गंभीर सांगत नसेल आणि ब्रेकच्या चाचणीत थरथर थांबत असेल, तर ऑइल. मॅन्युअलमध्ये दिलेल्या स्पेसिफिकेशनचंच, ‘सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं’ असं लिहिलेलं नको. पातळी मोजताना गाडी सपाट जागी, इंजिन चालू, आणि ऑइलचं तापमान कंपनीने दिलेल्या मर्यादेत स्कॅनरवर बघून. बहुतेक नव्या गाड्यांना डिपस्टिक नसते, त्यामुळे इथेच अर्धे मेकॅनिक अंदाजपंचे काम करतात. अर्धा लिटर कमी भरलं तरी चांगला गिअरबॉक्स झटके देतो, आणि मग दोष ऑइल बदलण्यावर येतो.

पॅन उघडल्यावर तुम्ही तिथे हजर राहा. धातूचे तुकडे दिसले, किंवा ‘डी’ टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद विचार करून मग हलत असेल, तर आतलं काम निघालेलं आहे, ऑइलवर पैसे घालू नका. ऑइल गुलाबी, फेसाळ, मिल्कशेकसारखं निघालं तर रेडिएटरमधला ऑइल कूलर फुटून कूलंट आत गेलंय. तसं असेल तर गाडी एक किलोमीटरही चालवू नका, क्लचच्या पट्ट्यांचं चिकटवलेलं अस्तर त्याने सुटतं. या तिन्हींत पूर्ण युनिट की दुरुस्ती, हा हिशोब करावा लागतो, आणि गाडीचं वय बघता विकण्याचा विचार तिथे रास्त आहे. विकताना घेणाऱ्याला खरं सांगा.

माझ्या गाडीचे आता १,६५,००० झालेत. ऑइल मध्ये एकदा पुन्हा बदललं. थरथर परत आलेली नाही. थंडीच्या सकाळी पहिल्या रिव्हर्सला एक छोटा ठोका अजून येतो. त्याच्यामागे मी आता लागत नाही.