गावाचा हवामान आराखडा: तुमचं म्हणणं नेमकं कुठे मांडायचं?

प्रश्न: हवामान अनुकूल शेतीचा गाव आराखडा तालुक्याहून तयार होऊनच येतो. ग्रामसभेत वाचून दाखवतात, आम्ही सह्या करतो. यात आमचं म्हणणं कसं घालायचं?

उत्तर: शेतकरी बंधू-भगिनींनो, आराखडा वाचला जातो त्या दिवशी हरकत घेऊन फारसं हाती लागत नाही, कारण कामांच्या जागा तोवर ठरलेल्या असतात. तुमचं म्हणणं त्याआधी, शिवारफेरीत, म्हणजे आराखड्यासाठी सगळं शिवार पायी पाहतात तेव्हा, यायला हवं. कोणता बांध दरवर्षी फुटतो, कुठल्या बंधाऱ्यात गाळ भरलाय, हे नकाशात दिसत नाही. तिथं कसणाऱ्याला ते पाठ असतं. फेरीला नुसते पदाधिकारी गेले तर कामंही त्यांच्याच वाटेवर होतात, म्हणून नाल्याच्या खालच्या अंगाचे शेतकरी, बटाईदार, मेंढपाळ आणि पाणी भरणाऱ्या बायका यांना आवर्जून बरोबर घ्या. पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या गावात प्रकल्पाची गाव समिती असते. तिच्या बैठकीची तारीख विचारा आणि जा.

दुसरं काम पाण्याच्या ताळेबंदाचं, म्हणजे पाणी किती आलं आणि किती लागणार याच्या हिशोबाचं. माझ्या मते सगळ्या आराखड्याचा कणा हाच आहे. एक हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. 800 हेक्टरच्या शिवारात 600 मिलिमीटर पाऊस झाला, तर 480 कोटी लिटर पाणी पडलं. आकडा मोठा वाटतो, पण त्यातलं बरंचसं पिकं घेतात, उन्हानं उडतं, ओढ्यानं गावाबाहेर जातं. उरलेल्यातून आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, मग रब्बीचा विचार. हरभऱ्याला साधारण 250 ते 300 मिलिमीटर पाणी लागतं, गव्हाला 400 ते 450. म्हणजे गव्हाच्या पाण्यात दीडपट क्षेत्रावर हरभरा निघतो. हा हिशोब ऑक्टोबरात, पेरणीआधी सगळ्यांसमोर मांडा. महसूल मंडळात नोंदला जाणारा पाऊस आणि तुमच्या शिवारातला पाऊस सारखा असेलच असं नाही, तेव्हा शाळेत पर्जन्यमापक बसवून रोजची नोंद मुलांकडे द्या.

प्रश्न: ताळेबंद केला तरी ज्याची बोअर त्याचं पाणी. ऐकणार कोण?

उत्तर: सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेण्यावर कायद्यानं निर्बंध आहेत. पण रोजचं पाणी जपायला एवढं पुरत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं ग्रामसभेत ठरवून सिंचनासाठी बोअर बंद ठेवल्या, ऊस आणि केळी टाळली, आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेतच मांडला. तिथं नियम टिकला, कारण तो गावानं स्वतः केला होता आणि मोठ्या बागायतदारालाही तोच लागू होता. तुमच्याकडे चार-पाच निरीक्षण विहिरी निवडा, दर महिन्याला पातळी मोजा, आकडे चावडीवर लिहा. पातळी डोळ्यांसमोर उतरताना दिसली की बोलणं सोपं जातं. मात्र बंधन फक्त दोन एकरवाल्यावर पडणार असेल, तर त्या ठरावाला स्पष्ट विरोध करा.

प्रश्न: सभेत बायका बोलतच नाहीत.

उत्तर: ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. ती खरोखर भरवा, तिथले ठराव ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) त्याची प्रत मागून ठेवा.